आल्पुहारातलं जुनं घर भाड्याने घेताना: तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

मागच्या अंकात स्पेनच्या आल्पुहारा भागाबद्दल लिहिलं होतं, ग्रानाडा प्रांतात सिएरा नेवादाच्या दक्षिण उतारावरची ती पांढरी गावं, तिथली दगडमातीची जुनी घरं आणि ती सुट्टीसाठी कशी भाड्याने मिळतात वगैरे. त्यावर पुष्कळ पत्रं आली आणि बहुतेकांचा सूर एकच, घर फोटोत फार गोड दिसतंय पण आम्हाला तिथे राहायला जमेल का? माझं मत विचाराल तर जमतं, नक्की जमतं, फक्त ते घर कसं बांधलंय आणि कसं चालतं हे बुक करायच्या आधी समजून घ्यायला हवं. म्हणून यावेळी सगळी जागा तुमच्या प्रश्नांनाच दिलीय.

प्रश्न: ताई, आम्ही सहा जण जाणार आहोत, आम्ही दोघं, दोन मुलं (९ आणि १३ वर्षांची) आणि सासू-सासरे. दोघंही सत्तरीच्या पुढचे, सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे. कापिलेइरा गावात एक तीन मजली जुनं घर बघून ठेवलंय, लाकडी तुळया, शेकोटी, गच्चीवरून अख्खी दरी दिसते, सगळ्यांच्या मनात भरलंय. घेऊन टाकू का?

उत्तर: सासूबाईंचे गुडघे आणि तीन मजली घर, हे एकत्र जमणार नाही, आधीच स्पष्ट सांगते. कापिलेइरा आहे १,४३६ मीटर उंचीवर आणि सगळं गाव उतारावर एकाच्या डोक्यावर एक असं रचलेलं आहे, एका घराचं धाबं संपतं तिथे वरच्या गल्लीची पातळी सुरू होते. त्यामुळे घरात शिरताना तुम्ही कधी मधल्या मजल्यावर शिरता, कधी सगळ्यात वरच्या, आणि मग खाली उतरत जायचं. पूर्वी खालच्या मजल्यावर खेचरं, शेळ्या, डुकरं बांधलेली असायची आणि माणसं वर राहायची, आता त्या गोठ्याचीच बेडरूम झालीय, उन्हाळ्यात मस्त गार असते. पण बाथरूम बऱ्याच घरांत एकच आणि तेही दुसऱ्याच मजल्यावर असतं, जिना अरुंद, पायऱ्या उंच, एक पायरी एका मापाची तर दुसरी दुसऱ्या, धरायला कठडा असेलच असं नाही. रात्री दोनदा उठावं लागणाऱ्या माणसाला आठवडाभर हे करायला लावू नका.

दुसरी गोष्ट, गाडी दारापर्यंत जात नाही. गाड्या गावाच्या कडेला लावायच्या आणि तिथून बॅगा घेऊन चालायचं, गल्ल्या दगडी, चढाच्या, काही ठिकाणी मधोमध पाणी वाहून जायला पन्हळ असते, पाऊस पडला की दगड निसरडे होतात. चाकाच्या मोठ्या बॅगा तिथे काहीच कामाच्या नाहीत, पाठीवरच्या सॅक घ्या.

पण याचा अर्थ बेत रद्द करा असा नाही. मालकाला एकच विनंती करा, गाडी लावतात तिथून निघून पलंगापर्यंत चालत जाताना मोबाईलवर एक व्हिडिओ काढून पाठवा, मध्ये न थांबवता. लिस्टिंगमधले पंचवीस फोटो जे सांगत नाहीत ते त्या व्हिडिओत कळतं, किती पायऱ्या, दाराची उंची किती, बाथरूमच्या उंबऱ्याला पाय किती उचलावा लागतो, सगळं. आणि शोधताना ज्या मजल्यावर दार उघडतं त्याच मजल्यावर एक बेडरूम आणि बाथरूम असलेलं घर बघा. नाहीतर शेजारी शेजारी दोन छोटी घरं घ्या, एक सासू-सासऱ्यांना एका मजल्याचं आणि एक तुम्हाला जिन्याचं, कापिलेइरा, बुबिओन, पाम्पानेइरा तिन्ही गावांत अशी घरं भाड्याने मिळतात. मला विचाराल तर सहा जणांसाठी मी हेच करेन, सकाळी लवकर उठणारे आणि उशिरा उठणारे दोघंही सुखी.

सासऱ्यांसाठी एक छोटी सूचना, दारं बुटकी असतात, तुळयाही खाली आलेल्या असतात. उंच माणसाने पहिल्याच दिवशी सगळ्या घरातून एकदा हळू चालून बघावं.

प्रश्न: घर खरंच जुनं आहे की पर्यटकांसाठी जुन्यासारखं बनवलंय, हे फोटोवरून कसं ओळखायचं?

उत्तर: पांढऱ्या भिंतींवर जाऊ नका, चुना कालच्या भिंतीलाही लागतो. छत बघा. जुन्या घराचं छत खालून बघितलं की चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया दिसतात, एकही सरळ नसते, झाड जसं वाढलं तशीच बसवलेली, गाठीसकट, कुऱ्हाडीच्या खुणांसकट. त्यावर आडव्या फळ्या नाहीतर बोरू, त्यावर पातळ दगडी फरश्या आणि सगळ्यात वर लाउना नावाची निळसर करडी माती. हे आपल्या माळवदासारखंच प्रकरण आहे, म्हणून मराठी माणसाला ते घर लगेच ओळखीचं वाटतं. लाउना ओली झाली की घट्ट बसते आणि पाणी आत सोडत नाही, वरून वाहून जातं, पण वारा-पावसाने थर झिजत जातो म्हणून दर काही वर्षांनी नवीन माती टाकावी लागते. ती कृष्णपक्षातच टाकावी, नाहीतर छत गळतं, अशी गावातल्या जुन्या लोकांची समजूत आहे. छताच्या कडेला दगडी फरश्या बाहेर काढलेल्या असतात म्हणजे माती भिंतीवर ओघळत नाही, आणि वर गोल, पांढरं, उंच धुराडं, त्यावर एक चपटा दगड आणि त्या दगडावर वाऱ्याने उडू नये म्हणून आणखी एक दगड. हे सगळं एका फोटोत दिसलं तर घर खरं आहे असं समजायला हरकत नाही. काही गल्ल्यांवरून घराची एखादी खोलीच पलीकडे गेलेली असते, खालून रस्ता आणि वर कोणाचं तरी स्वयंपाकघर, त्या झाकलेल्या जागेला तिनाओ म्हणतात, भर उन्हात तिथे उभं राहून बघा, मग कळतं की ज्यांनी हे बांधलं त्यांना किती अक्कल होती.

आणि हे बांधणारे कोण तर उत्तर आफ्रिकेतून आलेले बर्बर लोक, मोरोक्कोच्या अॅटलस डोंगरातली घरं आजही अशीच सपाट छपरांची आणि एकमेकांना चिकटलेली आहेत. १४९२ मध्ये ग्रानाडाचं मुस्लिम राज्य संपलं, पण डोंगरातले मोरिस्को, म्हणजे बाप्तिस्मा घ्यायला लावलेले मुसलमान, तिथेच राहिले. त्यांच्या भाषेवर, कपड्यांवर, रीतीरिवाजांवर बंदी आली तेव्हा १५६८ मध्ये त्यांनी उठाव केला, तो १५७१ पर्यंत चालला आणि मोडून काढल्यावर त्यांना तिथून हाकलून दिलं. रिकाम्या गावांत उत्तरेकडून माणसं आणून वसवली. ते नवे लोक घरं मात्र तशीच बांधत राहिले, कारण त्या उतारावर, त्या थंडीत आणि त्या उन्हात दुसरं काही इतकं चांगलं चालतच नाही. मला या घरांबद्दल जे प्रेम वाटतं ते यामुळे. बांधणारे गेले, त्यांची नावंही राहिली नाहीत, आणि त्यांनी बसवलेल्या रचनेत आजही माणसं झोपतायत.

पोकेइरा दरीतली कापिलेइरा, बुबिओन, पाम्पानेइरा ही तिन्ही गावं १९८२ पासून ऐतिहासिक वास्तुसमूह म्हणून संरक्षित आहेत, त्यामुळे बाहेरून मनमानी बदल करता येत नाहीत. आतून मात्र नवीन बाथरूम, नवीन वायरिंग असतं आणि ते असायलाच पाहिजे. काही मालक मातीच्या खाली वॉटरप्रूफ शीट घालतात, त्यात काही वाईट नाही, कोरडं झोपायला मिळालं तर बरंच की.

प्रश्न: आम्हाला डिसेंबरच्या सुट्टीतच वेळ आहे. स्पेन म्हणजे ऊन असं ऐकलंय, पण डोंगरात थंडी किती असेल? आणि एका रिव्ह्यूमध्ये वाचलं की घरातली वीज सारखी जात होती, म्हणजे लोडशेडिंग आहे की काय?

उत्तर: दुपारी अंगणात उन्हात बसाल तर स्वेटर काढावासा वाटेल, गावं दक्षिणेकडे तोंड करून आहेत त्यामुळे ऊन छान मिळतं. सूर्य डोंगराआड गेला की मात्र अर्ध्या तासात हवा बदलते आणि रात्री पारा शून्याच्या जवळ येतो, कधी बर्फही पडतं. पण खरा प्रश्न बाहेरच्या थंडीचा नसतो, घराच्या आतल्या थंडीचा असतो. भिंती हातभर जाड, दगडाच्या. उन्हाळ्यात याच भिंती घर गार ठेवतात, पण हिवाळ्यात घर आठ-दहा दिवस बंद राहिलं असेल तर ती थंडी भिंतींत मुरलेली असते आणि ती बाहेर पडायला एक-दोन दिवस सलग घर तापवावं लागतं. म्हणून मालकाला लिहा की आम्ही यायच्या आदल्या दिवशी हीटिंग सुरू करून ठेवाल का, बहुतेक जण आनंदाने करतात. दोनच रात्रींसाठी हिवाळ्यात असं घर घेऊ नका, घर गरम होईपर्यंत तुमची निघायची वेळ होईल.

हीटिंग कशाचं आहे ते नीट विचारा. नुसती शेकोटी असेल तर ज्या खोलीत ती आहे तीच गरम होते, बाकी घर तसंच. बंद काचेचा लाकडी स्टोव्ह किंवा पेलेटचा, म्हणजे भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्यांचा स्टोव्ह असेल तर बरं. लाकूड भाड्यात धरलंय की वेगळं घ्यायचं हेही विचारा. ऑलिव्ह, बदाम, ओक ही लाकडं जड असतात, सावकाश जळतात, रात्री झोपताना एक मोठा ओंडका टाकला तर सकाळी निखारे मिळतात. धुराड्याची झडप उघडी आहे ना हे पेटवायच्या आधी बघायचं, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात आहे का हे तर बुक करतानाच विचारायचं. गरम पाण्याचा गीझर बऱ्याच ठिकाणी गॅसवर असतो, नारिंगी रंगाची १२.५ किलोची ब्युटेनची टाकी. ती कुठे आहे, संपली तर दुसरी कुठे ठेवलीय आणि कशी बदलायची हे पहिल्या दिवशीच दाखवून घ्या, अंगाला साबण लावल्यावर शोधायची वेळ येऊ नये. भिंतीला खाली किंवा वर जाळीची छिद्रं असतील तर ती गॅससाठी मुद्दाम ठेवलेली असतात, वारा येतो म्हणून त्यात कपडा कोंबू नका, हे जिवावरचं आहे.

आता वीज. लोडशेडिंग अजिबात नाही. स्पेनमध्ये प्रत्येक घराने वीज कंपनीशी ठराविक किलोवॉटचा करार केलेला असतो आणि त्यावर दर महिन्याला पैसे भरावे लागतात, त्यामुळे वर्षातले काही महिनेच वापरात असलेल्या गावच्या घरांत मालक तो आकडा कमी ठेवतात, ३.४५ किंवा ४.६ किलोवॉट. तुम्ही ओव्हन लावला, त्यात किटली, वर खोलीत एक हीटर, की झाला आकडा पार, आणि सगळं घर अंधारात. घाबरायचं काही नाही. दाराजवळ स्विचांचा डबा असतो, त्यातला मोठा मेन स्विच खाली करा, थोडं थांबा, मग वर करा, मीटर पुन्हा वीज देतो. आधी एखादं यंत्र बंद केलंत तरच टिकेल हं. घराला किती किलोवॉट आहेत हे मालकाला विचारलंत तर त्यालाही कळतं की पाहुणे समजूतदार आहेत.

प्रश्न: घरमालक मेसेजवर सगळ्यांच्या पासपोर्टचे फोटो मागतोय, मुलांचेसुद्धा. द्यावेत का? भीती वाटते.

उत्तर: माहिती द्यावी लागते, फोटो द्यावा लागत नाही. स्पेनमध्ये हॉटेल असो की भाड्याचं घर, पाहुण्यांची माहिती गृहमंत्रालयाच्या सिस्टिमला कळवणं मालकावर बंधनकारक आहे, २०२१ च्या ९३३ क्रमांकाच्या शाही हुकमाने तसं ठरलंय आणि २ डिसेंबर २०२४ पासून ते नीट अमलात आलंय. नाव, पासपोर्ट नंबर, जन्मतारीख, राष्ट्रीयत्व, घरचा पत्ता, फोन, पैसे कसे भरले, हे सगळं त्यात येतं. अल्पवयीन मुलांबाबत सोबतच्या मोठ्या माणसाशी त्यांचं नातं काय ते लिहितात, १४ च्या वरच्या प्रत्येकाची सही लागते. म्हणजे मालक पत्ता आणि फोन विचारतोय म्हणून तो लबाड आहे असं नाही, न विचारणाऱ्याचाच मला जास्त संशय येईल.

पण पासपोर्टची प्रत मागणं या कायद्यात बसत नाही, स्पेनच्या डेटा संरक्षण संस्थेने २०२५ मध्ये तसं स्पष्ट सांगितलंय. तुम्ही त्याला सभ्यपणे लिहा की आम्ही फॉर्ममध्ये सगळी माहिती भरून देतो आणि आल्यावर मूळ पासपोर्ट तुम्हाला दाखवतो. एवढं पुरतं.

आणि तुम्हीही त्याच्याकडे एक गोष्ट मागा, घराचा नोंदणी क्रमांक. आंदालुसियातल्या, म्हणजे ग्रानाडा ज्या प्रदेशात आहे तिथल्या प्रत्येक पर्यटन घराला प्रादेशिक सरकारचा नंबर असतो, ग्रानाडा प्रांतातल्या घरांच्या नंबरात जीआर ही अक्षरं दिसतात. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन साइटवर थोड्या दिवसांसाठी भाड्याने द्यायच्या घरांना देशपातळीवरचा नोंदणी क्रमांकही लागतो. नंबर नाही, वर "साइटच्या बाहेर थेट खात्यात पैसे टाका, स्वस्तात देतो" असं सांगणारा भेटला तर घर कितीही सुंदर असू दे, सोडून द्या.

प्रश्न: हॉटेल नाही, घर घेतलंय म्हटल्यावर शेंगेन व्हिसाला अडचण येते का? कोणी म्हणालं की स्पेनच्या पोलिसांकडून निमंत्रणपत्र लागतं.

उत्तर: ते निमंत्रणपत्र तुम्ही ओळखीच्या माणसाच्या घरी फुकट राहणार असाल तेव्हाचं. भाड्याच्या घराला बुकिंगचं पत्र चालतं, फक्त त्यात सगळ्यांची नावं, तारखा, घराचा पूर्ण पत्ता आणि तो नोंदणी क्रमांक असू द्या. नुसतं बुक करणाऱ्याचं एकट्याचं नाव असेल तर मालकाकडून सगळ्या नावांचं एक साधं पत्र घ्या. बाकी नेहमीचंच, फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, त्याहून लहानांना काही नाही, आणि प्रत्येकाचा किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा मे-जूनला जायचं असेल तर एप्रिलची वाट बघत बसू नका.

प्रश्न: आम्ही पूर्ण शाकाहारी आहोत, अंडंही नाही. डोंगरातल्या गावात उपाशी राहायची वेळ येईल का?

उत्तर: उपाशी नाही राहणार, पण सावध राहावं लागेल. हा सगळा भाग हामोनसाठी, म्हणजे मिठात मुरवून वाळवलेल्या डुकराच्या मांडीसाठी प्रसिद्ध आहे, त्रेवेलेसमध्ये तर दुकानांच्या छताला त्या मांड्या रांगेने टांगलेल्या असतात, आधी माहीत असलेलं बरं. तिथल्या लोकांच्या मनात हामोन हा मांस म्हणून मोजलाच जात नाही, तो मिठासारखा चवीला घालतात. "मांस नको" म्हणालात तर भाजीवर हामोनचे तुकडे पडू शकतात, सॅलडमध्ये टूना येते, मसूर चोरिसोबरोबर, म्हणजे डुकराच्या सॉसेजबरोबर शिजवलेला असतो. म्हणून नाव घेऊन सांगायचं, "सिन कार्ने, सिन हामोन, सिन आतून, सिन उएवो", म्हणजे मांस, हामोन, टूना, अंडं यातलं काही नको. ग्रानाडा भागात पेयाबरोबर फुकट तापा, म्हणजे छोटी खाण्याची बशी येते, ती मागवताना सुद्धा हेच सांगा.

खायचं काय? पातातास आ लो पोब्रे, ऑलिव्ह तेलात कांदा आणि ढोबळी मिरचीबरोबर मऊ शिजवलेले बटाटे, मिळालं तर रोज खा. पिस्तो म्हणजे वांगं, झुकिनी, टोमॅटोची भाजी, त्यावर अंडं नको म्हणून सांगा. तळलेली वांगी काकवीसारख्या उसाच्या पाकाबरोबर येतात, मुलांना आवडतात. उन्हाळ्यात आहोब्लांको हे बदाम, लसूण, पाव यांचं गार सूप, त्यात बहुतेकदा द्राक्षं घालतात.

पण घर घेतल्याचा खरा फायदा म्हणजे स्वयंपाकघर. गावातल्या छोट्या दुकानात शिजवलेले छोले, मसूर, पांढरे राजमे काचेच्या बरणीत मिळतात, धुऊन घेतले की झालं, भाज्या ताज्या, बदाम, अंजीर तिथलेच. दुकानं साधारण दोन ते पाच बंद असतात आणि रविवारी उघडतीलच असं नाही, संध्याकाळी रेस्टॉरंटचं स्वयंपाकघर साडेआठच्या आधी क्वचित सुरू होतं. शनिवारी संध्याकाळी पोहोचणार असाल तर येतानाच वाटेवरच्या ओर्हिवा गावात थांबून दोन दिवसांचं सामान भरून घ्या.

प्रश्न: गाडी भाड्याने घ्यावी की बसने जावं? घाटाची भीती वाटते.

उत्तर: घाट वळणांचा आहे पण रस्ता चांगला आहे. ग्रानाडाहून महामार्गाने लान्हारोन, मग ओर्हिवा आणि तिथून वर पाम्पानेइरा, सव्वा-दीड तास धरा, मालागा विमानतळावरून दोन तासांच्या आसपास. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परमिट घेऊन जा. गाडी लहान घ्या, ऑटोमॅटिक हवी असेल तर खूप आधी सांगून ठेवा कारण तिथे गियरच्या गाड्याच जास्त, आणि १३५ सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला चाइल्ड सीट सक्तीची आहे. रात्री पहिल्यांदाच त्या रस्त्याने जाऊ नका, दिवसाउजेडी पोहोचेल अशीच फ्लाइट बघा.

बसही आहे, ग्रानाडाच्या बसस्टँडवरून पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा आणि पुढे त्रेवेलेसपर्यंत, दिवसातून मोजक्याच असतात आणि दोन तासांच्या वर लागतात, पण खिडकीत बसून दरी बघायला मिळते. फक्त दोघं जण असाल, चालायची आवड असेल आणि एकाच गावात राहणार असाल तर गाडीची काही गरज नाही. सहा जण आणि आजी-आजोबा असतील तर घ्या.

प्रश्न: पूल असलेलं घर मिळेल का? जुलैमध्ये जातोय.

उत्तर: गावाच्या आत अवघड, घरं भिंतीला भिंत लावून आहेत. पूल हवा तर गावाबाहेरचं शेतावरचं घर बघा, मग गाडी हवीच. पाणी तापवलेलं नसतं, रात्री गार होतं, जूनमध्ये मुलं थरथरत बाहेर येतील, जुलैत ठीक. आणि अंगणात बार्बेक्यूचा बेत असेल तर मालकाला विचारल्याशिवाय काडीही लावू नका, १ जून ते १५ ऑक्टोबर वणव्यांचा धोक्याचा काळ असतो आणि रानात, रानालगत आग पेटवायला बंदी असते.

प्रश्न: आठवडाभर एकाच गावात राहून करणार काय? नवरा म्हणतो दोन दिवस पुरे, मग सेव्हिया, बार्सेलोना करू.

उत्तर: त्यांना सांगा की बार्सेलोना कुठे पळून जात नाही. गावात पहिला दिवस नुसता दम खाण्यात जातो, दुसऱ्या दिवशी पाववाली ओळखते, आणि तिसऱ्या दिवसापासून मजा सुरू होते. पाम्पानेइरा, बुबिओन, कापिलेइरा ही गावं पायवाटेने जोडलेली आहेत, खालून वर चढायचं असेल तर सुमारे पावणेचारशे मीटरची चढण, किंवा बसने वर जाऊन खाली उतरत या, चेस्टनट आणि अक्रोडाच्या झाडांतून, आणि वाटेत कुठेतरी पाण्याचा आवाज येत राहतो.

तो आवाज असेकियांचा, म्हणजे पाण्याच्या चरांचा. या भागात आलात तर त्या नुसत्या ओलांडून जाऊ नका, थोडं थांबून बघा. डोंगरावर बर्फ वितळतं, ते पाणी उतारावरून आडव्या खोदलेल्या चरांतून गावाकडे आणतात, आणि काही चर मुद्दाम मुरमाड जागी सोडून देतात म्हणजे पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या झऱ्यांतून उन्हाळ्यात बाहेर येतं. मुसलमानी काळापासून चालत आलेली ही पद्धत आहे. एके ठिकाणी वाकून बघितलं तर दिसतं, चराच्या बाजूला एक दगड, त्याभोवती चिखल आणि गवत दाबून बांध घातलेला, तो उचलला की पाणी त्या शेतात, लावला की पुढच्या. शेतकऱ्यांच्या पाळ्या ठरलेल्या असतात, त्यामुळे मुलांना सांगा की एकही दगड हलवायचा नाही. गावातल्या कारंज्यांचं पाणी लोक पितात, फक्त "आग्वा नो पोताब्ले" किंवा "सिन गारांतिया सानितारिया" अशी पाटी असेल तिथे बाटली भरू नका.

गुरुवारी ओर्हिवाचा बाजार करा. एक दुपार ओ सेल लिंग या तिबेटी बौद्ध ध्यानकेंद्रात घालवा, १९८० मध्ये सुरू झालेलं, १९८२ मध्ये दलाई लामा तिथे येऊन गेले, समोर दरी आणि पलीकडे डोंगरच डोंगर, भेटीची वेळ दुपारची मोजकीच असते ती आधी बघून घ्या. पाम्पानेइरात जुन्या कपड्यांच्या चिंध्यांपासून विणलेल्या जाड सतरंज्या, हारापा, विकायला असतात आणि मागावर विणतानाही बघायला मिळतात. सासूबाईंसारखं चालता न येणारं कोणी असेल तर चौकात बाकावर बसा, गावातली म्हातारी मंडळी संध्याकाळी तिथेच असतात आणि भाषा येत नसली तरी नातवंडांचे फोटो दाखवून झाले की गप्पा सुरू होतात.

नवऱ्याला डोंगर चढायची हौस असेल तर मुलासेन आहे, ३,४७९ मीटर, इबेरियन द्वीपकल्पातलं सगळ्यात उंच शिखर. उन्हाळ्यात कापिलेइरातून नॅशनल पार्कची मिनीबस बऱ्याच उंचीपर्यंत सोडते, तिथून माथ्यापर्यंत चालायचं, दोर-बिर काही लागत नाही पण हवा विरळ असते आणि वर जुलैतही वारा बोचतो, जॅकेट, टोपी, पाणी आणि सकाळची पहिली बस. जागा कमी असतात, म्हणून घर पक्कं झालं की लगेच फोन करून नाव नोंदवून ठेवा, ऑगस्टमध्ये तर नक्कीच.